सातवा फर्मा

मुलींना झोपवण्यापेक्षा पुस्तक बांधणं सोपं, असं बाइंडरचं ठाम मत होतं. पुस्तक एकदा शिवून, खळ लावून दाबाखाली ठेवलं की सकाळपर्यंत हूं की चूं करत नाही. मुलींचं तसं नव्हतं. रात्री नऊला त्यांना अंथरुणात घालायचं, दिवा मालवायचा, दार ओढून घ्यायचं, आणि पाच मिनिटांत दाराच्या फटीखालून पुन्हा उजेडाची रेघ. ती रेघ दिसली की बाइंडरच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

"दिवा बंद!"

दिवा बंद व्हायचा. आत खुसखुस व्हायची. मग थोरली तिच्या नेहमीच्या साळसूद आवाजात म्हणायची, "बाबा, पानाच्या मधेच थांबायचं का?"

"मधेच थांबायचं!"

"मग वाक्य तरी पुरं करू?"

आता बारा वर्षांच्या मुलीशी वाक्यावरून वाद कोण घालणार? तो "बरं, एक वाक्य" म्हणायचा आणि फसायचा, कारण थोरलीची वाक्यं अर्धा अर्धा तास चालायची. धाकटी आठ वर्षांची. ती वादबीद घालत बसायची नाही. ती डोळे घट्ट मिटून घोरण्याचं सोंग करायची, आणि इतकं जोरात घोरायची की खरा झोपलेला माणूस जागा व्हावा.

बायकोची रात्रपाळी. दवाखान्याच्या चौकशीच्या खिडकीवर ती रात्री आठ ते सकाळी आठ बसायची, आणि साडेनऊच्या सुमारास फोन करायची. "झोपल्या का?" बाइंडर फटीखालच्या रेघेकडे बघत "कधीच्या" म्हणायचा. तिकडून बायको म्हणायची, "म्हणजे जाग्या आहेत," आणि फोन ठेवून द्यायची.

वाचायला त्याचा विरोध होता असं मुळीच नाही. पुस्तकांवरच घर चालत होतं. वाचा की, दिवसा वाचा, सुट्टीत वाचा, नको कोण म्हणतंय? पण रात्रीच्या जागरणाचा हिशेब सकाळी चुकता व्हायचा आणि सकाळी बायको यायच्या आत सगळं त्याच्याच गळ्यात. धाकटी दात घासता घासता उभ्या उभ्या झोपायची, ब्रश तोंडात तसाच. थोरली एका पायात काळा आणि एका पायात तपकिरी बूट घालून शाळेत जाऊन आली होती आणि घरी परतेपर्यंत तिला पत्ता नव्हता. धाकटीच्या वहीत तर बाईंनी लाल शाईनं लिहून पाठवलं होतं : वर्गात झोपते, उठवल्यावर रागावते.

त्या लाल शेऱ्यानंतर बाइंडरनं कंबर कसली. आधी त्यानं खोलीतला बल्बच काढून घेतला. तर टॉर्च निघाला. टॉर्चमधले सेल काढून घेतले. तर या दोघी दाराशी पालथ्या झोपून बाहेरच्या दिव्याच्या उजेडात पुस्तक धरून बसलेल्या, म्हणजे झोपलेल्या, म्हणजे काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा. शेवटी त्यानं घरातली झाडून सगळी गोष्टीची पुस्तकं मोजून कपाटात टाकली, कुलूप लावलं आणि किल्ली पँटच्या खिशात ठेवली. त्या रात्री तो अचानक आत शिरला, तर दोघींच्या हातात शाळेच्या वह्या. बल्ब त्यानं दोनच दिवसांपूर्वी मोठ्या मनानं परत लावला होता.

"अभ्यास करतोय, बाबा," थोरली म्हणाली.

बाइंडरचा ऊर भरून आला. आपण थोडे जास्तच कडक वागलो की काय, असंही त्याला वाटून गेलं. वहीत काय आहे ते बघायचं काही त्याला सुचलं नाही.

आता वहीत काय होतं ते सांगायला हवं, आणि त्यासाठी त्याच्या कामाबद्दल थोडं. छापखान्यात एका मोठ्या कागदावर सोळा पानं छापतात आणि त्याची घडी घालतात. त्या घडीला फर्मा म्हणायचं. असे दहा-पंधरा फर्मे एकावर एक रचायचे, पाठीकडून दोऱ्यानं शिवायचे, खळ लावायची, पुठ्ठा चढवायचा, की झालं पुस्तक. जुनं पुस्तक दुरुस्तीला आलं की हेच सगळं उलट करायचं : पुठ्ठा सोडवायचा, दोरा कापायचा, फर्मे सुटे करायचे, फाटलेल्या कडा पातळ कागदानं सांधायच्या आणि चार-पाच दिवस वजनाखाली सपाट व्हायला ठेवायचे. पुढच्या खोलीत, म्हणजे त्याच्या दुकानात, कामाच्या लांब टेबलावर, अशा सुट्या फर्म्यांचे गठ्ठे ओळीनं मांडलेले असायचे. गोष्टीचं पुस्तक वहीत लपत नाही, पण सोळा पानांचा फर्मा लपतो. बाइंडरच्या मुलींना हे कळायला वेळ लागला नाही. रोज रात्री दोघी एकेक फर्मा उचलायच्या आणि सकाळी शाळेत जाण्याआधी होता तिथं ठेवायच्या. कपाट कुलूपबंद, पुस्तकं मोजलेली, आणि बापाच्या नाकाखालून वाचनालय चालू.

त्या दिवसांत टेबलावर बारा पुस्तकं होती, आणि ती साधीसुधी नव्हती. गावातल्या मोठ्या वाचनालयानं ती चाचणीसाठी पाठवली होती. वाचनालयाचा मुलांचा विभाग पार खिळखिळा झाला होता, हजाराच्या वर पुस्तकं दुरुस्तीला काढायची होती. ते काम यंत्रावर पुस्तकं बांधणाऱ्या एका कंपनीला द्यायचं की हातानं बांधणाऱ्या या माणसाला, ते ठरायचं होतं. काम मिळालं तर दोन वर्षांची निश्चिंती. नाही मिळालं तर बाइंडरला दुकान बंद करून दुसऱ्याच्या हाताखाली जावं लागणार होतं, कदाचित त्याच कंपनीत, यंत्राच्या तोंडात कागद भरायला. ही गोष्ट बायकोला माहीत होती. मुलींना "सध्या कामाच्या खोलीत दंगा करायचा नाही" एवढंच माहीत होतं.

बाइंडरला स्वतःच्या हातावर भरवसा होता. सव्वीस वर्षांत त्याच्याकडून गेलेलं एक पुस्तक परत आलं नव्हतं. प्रत्येक फर्म्याच्या पहिल्या पानावर, अगदी खाली, छापखान्यानं बारीक आकडा टाकलेला असतो. तो आकडा बघून जुळणी करायची. एक, दोन, तीन, चार. मजकुराकडे तो ढुंकूनही बघायचा नाही. चौदा वर्षांचा असताना, नवीन नवीन शिकायला लागला तेव्हा, तो एकदा शिवता शिवता वाचत बसला होता आणि त्याच्या उस्तादानं कानाखाली जाळ काढला होता. "वाचत बसशील तर बांधशील कधी?" तेव्हापासून त्यानं कानाला खडा लावला, तो आजपर्यंत.

त्या गुरुवारी रात्री साडेदहाला तो पाणी प्यायला उठला आणि त्याला आतून हुंदके ऐकू आले. दार उघडलं तर थोरली गाढ झोपलेली आणि धाकटी पांघरुणाचा तंबू करून आत टॉर्च लावून बसलेली. नवीन सेल कुठून पैदा केले होते देव जाणे. बाइंडरचा दिवस वाईट गेला होता. खळ आंबली होती, दोन कापडं तिरकी कापली गेली होती आणि शनिवारी पुस्तकं पोचवायची होती. त्यानं दारातूनच तोंडाचा पट्टा सोडला. काय काय बोलला ते त्याचं त्यालाही नंतर आठवलं नसतं. हात पुढे करून टॉर्च मागितला. धाकटीनं दिला. ती रडतच होती. टॉर्च गेला म्हणून रडते आहे, रडू दे, अशी अद्दल घडायलाच हवी, असं म्हणून तो टॉर्च घेऊन निघून गेला आणि पाणी प्यायचं विसरला.

शुक्रवारी सकाळी चमत्कार झाला. धाकटी न उठवता, सगळ्यांच्या आधी उठली. बाइंडर तोंड धुऊन येतो तर ही कामाच्या टेबलाशी उभी, वेणीसुद्धा आपली आपण घातलेली, वाकडी का होईना.

"बघ," तो म्हणाला, "रात्री वेळेवर झोपलं की सकाळी कसं लख्ख उठता येतं."

"हो, बाबा," धाकटी म्हणाली.

तिचे डोळे सुजलेले होते, ते त्यानं पाहिलं. पण टॉर्चचा विषय पुन्हा निघायला नको म्हणून तो काही बोलला नाही.

दिवसभर त्यानं पुस्तकं शिवली. आकडे बघितले, पुन्हा बघितले, मेण लावलेला दोरा ओढला, गाठी मारल्या. रात्रभर पुस्तकं दाबाखाली राहिली आणि शनिवारी दुपारी तो ती वाचनालयात घेऊन गेला. ग्रंथपालबाई कडक म्हणून प्रसिद्ध होत्या. त्यांनी प्रत्येक पुस्तक उघडून टेबलावर ठेवलं, पानं ओढून बघितली, पाठीवरून अंगठा फिरवला, एक पुस्तक तर चक्क हातभर उंचावरून टेबलावर टाकून बघितलं. पुस्तकाला काही झालं नाही.

"उघडलं की सपाट राहतं," बाई म्हणाल्या. हे त्यांनी कौतुकानं म्हटलं आहे हे त्याला क्षणभरानं कळलं. "बुधवारी समिती बसते. मी तुमचंच नाव सांगणार आहे."

बाइंडर घरी आला तो पायांनी आला की उडत आला ते त्याला सांगता आलं नसतं. बायकोला उठवून त्यानं बातमी सांगितली. रात्री मुलींना आपणहून दहा मिनिटं जास्त दिली.

सोमवारी संध्याकाळी ग्रंथपालबाई स्वतः दुकानात आल्या. हातात दोन पुस्तकं. त्यांचा चेहरा बघूनच बाइंडरच्या तोंडचं पाणी पळालं.

"हे बघा," त्यांनी एक पुस्तक उघडून टेबलावर ठेवलं. "दीपगृहाची गोष्ट. म्हातारा रखवालदार आणि त्याचं गाढव. शनिवारी एका मुलानं नेलं, आज रडकुंडीला येऊन परत केलं. पान शहाण्णव : गाढव आजारी पडलंय. पान सत्त्याण्णव : बर्फ पडतंय आणि टपालगाडीतले प्रवासी शेकोटी पेटवतायत. मग पान एकशे तेरा : पुन्हा दीपगृह. काय आहे हे?"

"आकडे बघा, बाई." बाइंडर खाली वाकला. "हा सहा. हा सात. हा आठ. पानांचे आकडे पण ओळीनं आहेत. शहाण्णव, सत्त्याण्णव. मी काय चुकलो ते दाखवा."

बाईंनी बघितलं. आकडे खरंच बरोबर होते. त्या बुचकळ्यात पडल्या. मग त्यांचा आवाज जरा मऊ झाला. त्यांनाही हे काम याच माणसाला द्यायचं होतं, हे त्यात ऐकू येत होतं. "मग छापखान्यातच घोळ झाला असेल. मुळातच असं बांधलं गेलं असेल, आणि आजवर कुणी बोललं नसेल."

बाइंडरचा जीव भांड्यात पडला. "तसंच असणार," तो म्हणाला. "छापखान्यांचा काय भरवसा—"

"छे! छापखान्याची चूक कशाला?" मागच्या दारातून थोरली म्हणाली. ती कधी येऊन उभी राहिली होती कोण जाणे. तिनं मान लांब करून पानावर नजर टाकली होती आणि तिला राहवलं नव्हतं. "हा टपालगाडीच्या पुस्तकातला सातवा फर्मा आहे. दीपगृहाचा सातवा वेगळाच आहे. दोन्ही पुस्तकं एकाच मालेतली, सारखीच दिसतात. बाबा, एक ओळ वाचली असती तरी कळलं असतं!"

बाइंडरला वाटलं, जमीन दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं.

ग्रंथपालबाई चष्म्यावरून थोरलीकडे बघत राहिल्या. "तुला कसं माहीत?"

थोरलीनं मिठाची गुळणी धरली. पण आता उशीर झाला होता. बाईंनी दुसरं पुस्तक उघडलं, टपालगाडीचं. पान सत्त्याण्णव. तिथं बर्फ नव्हतं, समुद्र होता, आणि गाढव होतं.

"तुम्ही दुरुस्तीला दिलेली पुस्तकं घरात वाचायला देता?" बाईंनी बाइंडरला विचारलं.

"मी?" बाइंडरच्या तोंडून एवढंच निघालं. मग तो मुलीकडे वळला. वह्या, अभ्यास, भरून आलेला ऊर, सगळं एका क्षणात त्याच्या डोक्यात लख्ख झालं. "वहीत! वहीत फर्मे घालून वाचत होतात तुम्ही! आणि ठेवताना अदलाबदल केलीत! सव्वीस वर्षं! सव्वीस वर्षांत एक पुस्तक परत आलं नव्हतं माझं, आणि तुम्ही दोघींनी चार दिवसांत—"

"मी नाही केली," थोरली रडवेली होऊन म्हणाली. "मी नेहमी जागच्या जागी ठेवायचे. देवाशपथ."

"ताईनं नाही केलं," टेबलाच्या पलीकडून आवाज आला. धाकटी तिथं होती. टेबलाच्या वर तिचं नाक आणि डोळे एवढंच दिसत होतं. "मी केलं. चुकून नाही केलं. मुद्दाम केलं."

ग्रंथपालबाई खुर्चीवर बसल्या.

"का गं?" त्यांनी विचारलं.

धाकटीनं बापाकडे बघितलं, मग बाईंकडे. "सातव्या फर्म्यात कारभारी मरतो."

"कोण कारभारी?" बाइंडर ओरडला.

"गाढव," बाई आणि थोरली एकदम म्हणाल्या.

"तो रोज दिव्याचं तेल वर न्यायचा," धाकटी बाइंडरला समजावून सांगायला लागली, जसं काही त्यालाच काही कळत नाही. "त्याला कुणी हाकायला लागायचं नाही. तो एकटाच जायचा. आणि मग तो मरतो. सगळ्यांना वाईट वाटलं असतं ना. म्हणून मी तो फर्मा काढला. पण नुसता काढला असता तर बाबांना कळलं असतं. बाबा आकडे बघतात. म्हणून तिथं दुसरा सात ठेवला."

बाइंडरनं कपाळावर हात मारला. स्वतःच्या पोटच्या पोरीला आपल्या कामातली नेमकी फट सापडावी, आणि तीही आठव्या वर्षी!

"पण मग कारभारीचं काय झालं, असं मुलं विचारणार नाहीत का?" ग्रंथपालबाईंनी विचारलं. त्यांचा चेहरा गंभीर होता, पण चष्म्यामागे काहीतरी हललं होतं.

"त्यांना वाटेल तो सुट्टीवर गेला."

"आणि टपालगाडीच्या पुस्तकात तो मरतोच आहे की. तिथल्या मुलांना वाईट वाटणार नाही?"

धाकटीनं मान हलवली. याचाही विचार तिनं केलेला होता. "तिथं त्याला कुणी ओळखत नाही," ती म्हणाली. "तिथं कुणी त्याच्यासाठी रडणार नाही."

ग्रंथपालबाईंनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसला.

"मंगळवारी संध्याकाळपर्यंत दोन्ही पुस्तकं नीट करून आणा," बाई शेवटी उठत म्हणाल्या. "समितीला मी घडलं ते खरं सांगेन. पण हजार पुस्तकांचं काम आहे. जुळणी झाल्यावर प्रत्येक सांधा कुणीतरी वाचून बघितला पाहिजे. आधीच्या फर्म्याची शेवटची ओळ, पुढच्या फर्म्याची पहिली. नुसते आकडे मला चालणार नाहीत. ते कोण करणार ते ठरवून मला कळवा, मग बुधवारी मी तोंड उघडते." दारात थांबून त्यांनी धाकटीकडे बघितलं. "आणि बाळ, पुस्तकातलं काही काढायचं नसतं."

"वाईट असलं तरी?"

"वाईट असलं तरी."

बाई गेल्या. बाइंडरनं थोरलीला आधी झाडलं, मग धाकटीला, मग पुन्हा थोरलीला, आणि मग दम लागला म्हणून स्टुलावर बसला. थोरली नाक ओढत आत गेली. धाकटी गेली नाही. ती टेबलाशी उभी राहून त्याच्याकडे बघत राहिली.

त्यानं सुरी घेतली. स्वतःच्या हातानं घातलेले, चांगले घट्ट बसलेले टाके कापणं म्हणजे काय असतं ते ज्याचं त्यालाच कळतं. दोन्ही पुस्तकांचे पुठ्ठे सोडवले, दोरे तोडले, दोन्ही सातवे फर्मे बाहेर काढले आणि शेजारी शेजारी ठेवले. सारखा कागद, सारखा टाइप, खाली सारखाच बारीक सात. कोणता कुठला, हे त्याला खरंच सांगता येईना. मग सव्वीस वर्षांनी त्यानं एक फर्मा उचलला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली.

सोळा पानं वाचायला त्याला पाऊण तास लागला. सवय नव्हती. धाकटी हलली नाही. वाचून झाल्यावर त्यानं फर्मा खाली ठेवला आणि चिडून म्हणाला, "एवढं चांगलं जनावर. ज्यानं लिहिलं त्याचं काय बिघडलं असतं त्याला जगू दिलं असतं तर?"

"तेच तर म्हणते मी!" धाकटी म्हणाली.

"पण म्हणून काय फर्मा बदलायचा? मला सांगायचं. इतकं रडू येत होतं तर मला हाक मारायची. मी काय मेलो होतो?"

"तुम्ही आलाच होतात," धाकटी म्हणाली.

"कधी?"

"गुरुवारी. मी तेव्हाच ते वाचलं होतं. तुम्ही दारातून विचारलंत, एवढं रडायला काय झालं, कुणी मेलंय का." ती तक्रार करत नव्हती, झालं ते सांगत होती. "मी हो म्हटलं. मग तुम्ही टॉर्च घेऊन गेलात."

बाइंडरला ते आठवलं. विचारलेलं आठवलं. उत्तर काही केल्या आठवेना, कारण ते त्यानं ऐकलंच नव्हतं. त्याला लाज वाटली, इतकी, की पोरीच्या तोंडाकडे त्याला बघवेना. दार उघडून, मुलीचा रडवेला चेहरा बघून, आपण बघितलं काय तर टॉर्च.

तो सुईत दोरा ओवायला लागला. तीनदा चुकला. चौथ्यांदा धाकटीनं त्याच्या हातातून सुई घेतली आणि ओवून दिली.

"सहाव्याची शेवटची ओळ वाच," तो म्हणाला. "आणि मग ह्या सातव्याची पहिली."

तिनं वाचली. ओळी जुळल्या. कारभारी दीपगृहात परत आला, मरायला. बाइंडरनं पहिला टाका घातला आणि धाकटीनं ओठ दाबून धरले, पण ती रडली नाही.

"पुढच्या वेळी हाक मारू?" बऱ्याच वेळानं तिनं विचारलं.

"मार."

"नऊनंतर पण?"

बाइंडरनं डोळे मिटले. काळा बूट, तपकिरी बूट, लाल शाई, तोंडातला ब्रश, सगळं त्याच्या डोळ्यांपुढून गेलं. "नऊनंतर पण," तो म्हणाला, आणि म्हणता क्षणीच आपण काय कबूल करून बसलो ते त्याच्या ध्यानात आलं.

मंगळवारी पुस्तकं पोचवताना त्यानं बाईंना सांगितलं की सांधे रोज संध्याकाळी घरातलीच दोन माणसं वाचतील, दिवसाउजेडी, कामाच्या टेबलावर. बुधवारी काम मिळालं. शुक्रवारी पहिला गठ्ठा घरी आला, शंभर पुस्तकं, आणि बाइंडर रात्री उशिरापर्यंत खळ ढवळत बसला होता. दहा वाजून गेले होते. फटीखाली रेघ होती. तो मुद्दाम तिकडे बघत नव्हता.

"बाबा!"

हात खळीनं कोपरापर्यंत बरबटलेले. तो तसाच धावला, वाटेत स्टूल पाडलं, कोपरानं दार ढकललं. "काय झालं? कोण गेलं?"

धाकटी अंथरुणात ताठ बसलेली, मांडीवर एक सुटा फर्मा. "कुणी नाही गेलं," ती म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर हसू मावत नव्हतं. "फार मजा झालीय इथं. ऐका ना."

त्याच्या ओठांवर ते सगळं आलं, सकाळची शाळा, दहा वाजलेत, सांधे म्हणजे दोन ओळी, अख्खा फर्मा नव्हे, आणि तो आत आणलाच कुणी. कोपरावरून खळ जमिनीवर ठिबकत होती.

"एकच पान," बाइंडर म्हणाला, आणि दोन्ही हात अंगापासून लांब धरून पलंगाच्या कडेवर बसला.

तिनं चार वाचली.